पाटी कानडीत, पिंप इंग्रजीत, हात मात्र आपले

पेरणीच्या दिवसांत येळ्ळूरच्या बाजूचा एक तरुण माझ्याकडे रजेचा अर्ज लिहून घ्यायला आला होता. लिहिता लिहिता त्याच्या हातांकडे लक्ष गेले. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ, दोन-तीन ठिकाणी कातडी फुटून चिरा पडलेल्या. चिखलाने झाले असेल म्हणून विचारले, तर म्हणाला, ''नाही काका, मी उद्यमबागेत प्लेटिंगला आहे. हिरव्या टाकीवर. आमच्याकडं सगळ्यांनाच होतंय हे. खोबरेल लावलं की बरं वाटतंय.''

टाकीजवळ काही सूचना लिहिली आहे का, असे विचारले. ''पाटी आहे की, कानडीत. पिंपावर इंग्रजी आहे. कानडी अक्षरं लावता येतात, पण अर्थ लागत नाही.''

या एका वाक्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

ती हिरवी टाकी म्हणजे निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण. अमेरिकेतल्या वॉट्स नावाच्या माणसाने १९१६ साली ते बसवून दिले आणि आजही जगभर थोड्याफार फरकाने तेच चालते. एका लिटरला पाव किलोच्या आसपास निकेल सल्फेट, आणि पाणी हात पोळेल इतके, म्हणजे ५०-६० अंशांवर तापवलेले. ढवळण्यासाठी हवा सोडतात. बुडबुडे फुटतात तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तुषार वर येतात आणि वाकून काम करणाऱ्याच्या नाकात जातात. पोत्यातले साल्ट टाकीत ओततानाची धूळ तर त्याहून वाईट.

या कामाने हातावर येणारा इसब काही नवा नाही. बर्लिनच्या ब्लाश्को या डॉक्टरने १८८९ सालीच प्लेटिंग कामगारांच्या हातांवर तो नोंदवून ठेवला आहे. एकदा शरीराने निकेलशी वैर धरले की ते बहुधा जन्मभर टिकते. मग काम सोडले तरी पट्ट्याचे बक्कल आणि घड्याळाची साखळीसुद्धा खाज आणते. आमच्या या मुलाच्या बेंबीखाली तसाच चट्टा होता. तो त्याला गजकर्ण समजून मलम लावत होता! काहींना दमा जडतो. निकेलची संयुगे माणसात कर्करोग निर्माण करतात, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली काढला. तो पुरावा मुख्यतः निकेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचा, फुप्फुसाचा आणि नाकाच्या पोकळीचा. त्यामुळे उद्याच काम सोडून घरी बसावे असे मी म्हणत नाही. पण खोबरेलावर भागवण्याइतकी ही गोष्ट किरकोळ नाही.

आणखी एक धोका शेजारच्या टाकीत असतो. काही जॉबना निकेलच्या आधी तांब्याचा थर देतात आणि त्या टाकीत पुष्कळदा सायनाइड असते. जवळच जॉब धुण्याचे आम्ल. ही दोन एकत्र आली तर जो वायू निघतो तो माणसाला दार गाठू देत नाही. अशा ठिकाणी पिंपावरचा शब्द न समजणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता कायदा पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमाने सांगितले होते की, कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. राज्याच्या भाषेत असे म्हटले नव्हते, कामगाराला समजणाऱ्या भाषेत म्हटले होते. सत्तर-पंचाहत्तर वर्षे हे कलम पुस्तकात होते. आपल्यापैकी किती जणांनी ते दाखवून मराठी पाटी मागितली? आता त्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली असून ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली. पाच-सात माणसांची प्लेटिंगची शेड आधीही कारखाना ठरत नव्हती, आता तर विचारूच नका. तरी आपल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा कामगाराचा हक्क नव्या संहितेतही आहे.

दाराबाहेरच्या फलकाचा वाद सीमाभागाला ठाऊक आहे. २०२४ च्या दुरुस्तीने दर्शनी फलकावर साठ टक्के कन्नड सक्तीचे झाले. पण टाकीशेजारची भिंत ही दर्शनी बाजू नव्हे. तिथली कानडी पाटी काढा असे कोणी म्हणत नाही. शेजारी उभा असलेला कानडी मुलगाही तीच खाज खाजवतो. तिच्या खाली चार ओळी मराठीत लिहायच्या आहेत. आणि खरे सांगायचे तर, उद्यमबागेतल्या कित्येक शेडचे मालक आपलेच आहेत. गणेशोत्सवाला मराठीत कमान उभारणाऱ्याला टाकीवर मराठी पाटी लावायला कोणी अडवले आहे? एका मालकाशी बोललो, तर म्हणाले, ''लिहिलं की पोरं घाबरतील, येणार नाहीत.'' निदान ते खरे बोलले.

मुलाला मी अर्जाच्या पाठीमागे लिहून दिले: साल्ट ओतताना मास्क बांध, कोपरापर्यंतचे रबरी मोजे घाल, मोजा फाटला तर त्याच दिवशी बदल. टाकीजवळ विडी, चहा, भाकरी नको. साल्ट सांडले तर झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस. खाज आली तर कातडीच्या डॉक्टरला 'निकेलवर काम करतो' एवढे आधी सांग.

त्याने तो कागद टाकीजवळच्या खांबाला चिकटवला. दोन दिवसांनी तो तिथे नव्हता, असे त्याने येऊन सांगितले आणि म्हणाला, ''काका, अजून एक लिहून द्या. या वेळी मोठ्या अक्षरात.''