शाल-श्रीफळ नंतर द्या



आजचा लेख काहीजणींना लागेल, हे मला ठाऊक आहे. लागला तर उत्तम क्षमा म्हणते, पण शब्द मागे घेणार नाही.

आमचा मुलगा नौदलात अग्निवीर म्हणून निवडला गेला, तेव्हा मंदिराच्या पायऱ्यांवर मला तीन प्रश्न विचारले गेले. पहिला, "अगं, जैनाचं पोर आणि हातात बंदूक?" दुसरा, "खाण्यापिण्याचं काय करणार तो? तिथं सगळंच चालतं म्हणे." आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "अधिकारी झालाय, का नुसता खलाशी?"

"तुला रात्री झोप लागते का गं?" हे कुणीच विचारलं नाही.

हे तिन्ही प्रश्न मी दोन वर्षं गिळले. आता एकेकाचं उत्तर देते. माझ्यासाठी नव्हे, माझी सवय झाली. पण आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या गावांत जमिनीचे तुकडे पडत पडत अर्ध्या एकरावर आलेत, आणि पोरं पहाटे रस्त्यावर पळायला लागलीत. त्यातलं एखादं उद्या तुमच्या घरचं असेल.

आधी हिंसेचं बघू. आपल्या धर्मात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत, हे आपण पाठशाळेतच शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला पूर्ण त्याग सांगितला आहे तो संकल्पी हिंसेचा, म्हणजे ठरवून, हेतू धरून केलेल्या हिंसेचा. चूल पेटवताना, शेत नांगरताना, दुकान चालवताना होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही. आणि आपल्यावर, देशावर चालून आलेल्याला अडवताना होणारी ती विरोधी हिंसा. तीही हिंसाच आहे. तिला पुण्य म्हणा, असं मी म्हणणार नाही. माझा मुलगाही तसं म्हणत नाही. पण ती श्रावकाच्या व्रताबाहेरची गोष्ट नाही, एवढं तरी माहीत असायला हवं. महाव्रत मुनींचं आहे, आपलं अणुव्रत आहे. मुनींच्या मापानं माझ्या मुलाला मोजायचं, तर त्याच मापानं आपला ट्रॅक्टर, आपलं कीटकनाशकाचं दुकान आणि आपली रेशमी साडीही मोजूया. आहे तयारी?

श्रवणबेळगोळला आपण सगळ्याजणी जाऊन आलोय. सुमारे ५७ फुटांचे गोमटेश्वर बाहुबली इ. स. ९८१ च्या सुमारास उभे केले ते चामुंडरायानं. हा चामुंडराय कोण? गंग राजांचा सेनापती. लढाया जिंकलेला माणूस. त्याचे गुरू नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती, आणि गोम्मटसारासारखा ग्रंथ त्याच्या नावाशी जोडलेला. आचार्यांनी त्याला "तू शस्त्र धरतोस" म्हणून दाराबाहेर ठेवलं नाही. मूर्तीच्या पायाशी "श्रीचावुण्डराजे करवियले" ही अक्षरं आपण बोट ठेवून वाचतो, मराठीचा जुना लेख म्हणून मुलांना दाखवतो. मग त्याच चावुंडराजाच्या धंद्यात माझं पोर गेलं, तर नाक का मुरडायचं?

आणि परंपरा सांगते की त्या मूर्तीच्या मुळाशी एक आई आहे. काललदेवी, चामुंडरायाची आई. बाहुबलींचं दर्शन झाल्याशिवाय दूध घेणार नाही, असा तिनं नियम केला होता. तिच्या नियमाची गोष्ट आपण दर चातुर्मासात ऐकतो. पण ती सेनापतीची आई होती, मुलगा मोहिमेवर गेला की तिचाही जीव टांगणीला लागत असेल, हे आजवर एकाही प्रवचनात मी ऐकलेलं नाही. तिला आपण फक्त नियम घेणारी बाई करून ठेवलंय.

आता खाण्याचं. नौदलात शाकाहारी जेवण मिळतं. कांदा, बटाटा, लसूण टाळणं तिथं अवघड आहे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणं ड्यूटीच्या वेळेवर अवलंबून असतं. हे खरं आहे, मी लपवत नाही. माझी चूक सांगते, म्हणजे दुसरीनं करू नये. ओडिशातल्या चिल्काला प्रशिक्षणासाठी निघताना मी त्याच्याकडून सात नियम घेतले होते. महिन्याभरात तो आठ किलो वाळला. सुट्टीच्या दिवशी फोन आला तेव्हा तो जेवणाबद्दल खोटं बोलतोय, हे मला आवाजावरून कळलं. मी रागावून विचारलं तर म्हणाला, "आई, बटाटा बाजूला काढतो गं, पण रस्सा खातो. नाहीतर पळता येत नाही." त्या रात्री मला कळलं, मी नियम त्याच्या भल्यासाठी घेतले नव्हते. उद्या मंदिरात कुणी विचारलं तर उत्तर असावं, म्हणून घेतले होते. दुसऱ्या रविवारी मीच त्याला सांगितलं, मांस, मद्य, अंडं नाही, बाकी जमेल तेवढं, आणि खोटं कधीच बोलायचं नाही. सत्य हेही व्रतच आहे ना? हॉस्टेलवर, परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना आपण हा प्रश्न किती कडकपणे विचारतो, तेही प्रत्येकीनं आठवून बघावं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. अधिकाऱ्याच्या आईला आपण व्यासपीठावर बसवतो, नौसैनिकाच्या आईला सतरंजीवर. १९७१ च्या युद्धात आयएनएस खुकरी बुडाली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. समुद्रानं कुणाला पद विचारलं नव्हतं.

आता ज्या रात्रीमुळे हा लेख लिहायला बसले, ती सांगते. २०२५ चा मे महिना. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं होतं, नौदलाचा ताफा अरबी समुद्रात होता. मुलाचा शेवटचा फोन येऊन अकरा दिवस झाले होते. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी सुरू केलं, नौदलानं कराची बंदरावर हल्ला केला, बंदर पेटलं. आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. जळत्या शहरांचे व्हिडिओ, टाळ्या, फटाके, हसरे चेहरे. "एकही सोडू नका" असं लिहिणारी तीच बाई होती, जिनं मला पायऱ्यांवर बंदुकीबद्दल विचारलं होतं. मी देवघरात णमोकार म्हणत बसले होते. माळ किती वेळा हातातून सुटली, मोजलं नाही. हल्ला झाला असेल तर उत्तरही येणार, आणि ते ज्या जहाजावर येईल त्यात माझा मुलगा असेल, एवढंच डोक्यात होतं.

बातमी खोटी होती. नौदलानं कराचीवर हल्ला केलाच नव्हता. ग्रुपवर कुणी एक ओळ लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेकाचे फोटो आले.

मैत्रिणींनो, कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्हींचा बंध लागतो, हे आपणच मुलांना शिकवतो ना? तत्त्वार्थसूत्रानं हिंसेची व्याख्या करताना प्रमाद धरला आहे, मनातला कषाय धरला आहे. मग सांगा, त्या रात्री हिंसा कुठं झाली? माझा मुलगा आपल्या जागेवर उभा राहून हुकमाची वाट बघत होता. तो कुणाचा द्वेष करत नव्हता, त्याला तेवढी सवड नव्हती. लोक जळतायत या कल्पनेनं आनंद झाला तो आपल्याला, गादीवर बसून, सूर्यास्तापूर्वी जेवून. त्याचं प्रतिक्रमण कुणी केलं?

अभिमान बाळगू नका असं मी म्हणत नाही. पण आधी नाक मुरडायचं, मग युद्ध लागलं की नाचायचं, आणि १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायचा, यात नौसैनिकाच्या आईला धरायला कुठंच हात सापडत नाही. नौदलात पत्नींसाठी कल्याणाची संघटना आहे, तळावरच्या कुटुंबांना एकमेकींचा आधार असतो. गावाकडं राहिलेल्या आईला कोण आहे? शेजारीण, मंदिर आणि मंडळ. म्हणजे आपणच.

म्हणून मंडळाकडं माझं मागणं साधं आहे. ज्या घरचं पोर समुद्रावर आहे, त्या घरी आठवड्यातून एकीनं जाऊन यावं. "फोन आला का?" असं विचारू नये, आला असता तर तिनंच सांगितलं असतं. सोबत बसावं, शेंगा सोलाव्यात, सामायिक करावं. जहाजाचं नाव, कुठल्या बंदरात आहे, कधी निघणार, हे विचारूही नये आणि ग्रुपवर टाकूही नये. नौदलानं २०१९ च्या अखेरीस जहाजांवर स्मार्टफोनला बंदी घातली, ती हेरगिरीचं प्रकरण उघड झाल्यावर. मुलगा तोंड मिटून असतो आणि आपण कौतुकानं सगळं सांगून टाकतो.

आणि ज्यांची मुलं-मुली निघाली आहेत त्या आयांना, हो, मुलींच्याही आयांना, कारण मार्च २०२३ मध्ये चिल्काहून बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्याच तुकडीत २७३ मुली होत्या:

फोन लागत नाही म्हणजे जहाज समुद्रात आहे, एवढाच अर्थ घ्या. युद्धाच्या दिवसांत टीव्ही बंद ठेवा. पोराचा सेवा क्रमांक आणि टपालाचा पत्ता वहीत लिहून ठेवा, मोबाइलवर भिस्त ठेवू नका. नातलग म्हणून कुणाचं नाव दिलंय, बँकेत वारस कोण, हे एकदा बसून विचारून घ्या. अग्निवीराला ४८ लाखांचा विमा असतो. तो आकडा उच्चारायला आईची जीभ उचलत नाही, मला माहीत आहे, तरी कागद बघून ठेवा. लसूण न घातलेलं भडंग डबा भरून द्या, तो चौघांत वाटून खाईल.

अजून एक. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी येतात, पेन्शन नसते. म्हणजे चारातली तीन पोरं परत येणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. माझाही येईल कदाचित. तेव्हा पायऱ्यांवर "काढून टाकलं का गं त्याला?" असं कुणी विचारलं, तर या लेखाची आठवण करून देईन. त्या वेळी आपल्या व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी त्याला काम द्यावं. शाल त्यानंतर द्या, मी आनंदानं घेईन.

त्या मे महिन्यात पंधराव्या दिवशी फोन आला. "आई, जेवलीस का?" एवढंच पहिलं बोलला. मी खोटं बोलणार होते. मग त्याचा नियम आठवला आणि म्हटलं, "नाही रे. आता जेवते."

जय जिनेंद्र.