हप्ते फेडले, पण घर कोणाचे?



या सदरात आपण एरवी बियाणे, खते आणि पाणी यांविषयी बोलतो. आज घराविषयी बोलू. पीक बुडाले तर एक हंगाम जातो, घर गेले तर दोन पिढ्यांचे कष्ट जातात.

मुलांच्या शिक्षणासाठी पुष्कळ जण सोलापूर, बार्शी किंवा पंढरपूरला लहानसे घर घेतात. एकरकमी पैसा नसतो. मग मुद्रांकावर लिहून होते, की इतका विसार, बाकी हप्त्यांनी आणि सर्व रक्कम फिटल्यावर खरेदीखत. ताबा मिळतो, चूल पेटते. चार वर्षे हप्ते बिनबोभाट जातात. पाचव्या वर्षी कांद्याचा भाव कोसळतो. पट्टीतून हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता हाती काही उरत नाही. दोन हप्ते थकतात आणि मालकाचा निरोप येतो, "करार मोडला. घर खाली करा. दिलेले पैसे भाड्यात गेले."

अशा वेळी घाबरून घर सोडू नये आणि कोणत्याही कागदावर सही करू नये. आधी आपल्या हातातला कागद काय आहे ते समजून घ्यावे.

हा कागद म्हणजे साठेखत. साठेखत हा विकण्याचा वायदा आहे, विक्री नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे अशा घराची मालकी नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेच पुन्हा सांगितले. घरपट्टीची पावती किंवा वीजबिल नावावर असले तरी तो राहण्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे.

तरी वायद्यालाही किंमत असते. करारानुसार ताबा मिळाला असेल आणि आपण आपली बाजू पाळायला तयार असू, तर याच कायद्याचे कलम ५३-अ ताब्याला संरक्षण देते. मात्र २००१ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी साठेखत नोंदलेले असावे लागते. कोणी कोर्टाच्या हुकमाशिवाय बळाने बाहेर काढले, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. "हप्ता चुकल्यास सर्व रक्कम जप्त" असे लिहिले असले, तरी १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ वाजवी भरपाईपुरतीच परवानगी देते.

आता करायचे काय? थकलेली रक्कम जमवावी आणि "पैसे देण्यास व खरेदीखत करून घेण्यास तयार आहे" अशी नोटीस वकिलामार्फत स्पीड पोस्टाने पाठवावी. कोर्टात ही तयारी सिद्ध करावी लागते, म्हणून पासबुकातील नोंदी आणि पावत्या जपाव्यात. खरेदीखत करून मागण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत करावा लागतो. तारीख ठरली नसेल, तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षे धरतात. "पुढच्या सुगीला बघू" म्हणत बसू नये. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

कागदाने घर जाण्याचे हे दुखणे आपल्याकडे नवे नाही. १८७५ मध्ये पुणे व नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी झाला आणि कोर्टाला कर्जाचा मुळापासून हिशेब तपासता येऊ लागला. तिकडे अमेरिकेतील शिकागो शहरात बँका काळ्या कुटुंबांना कर्ज नाकारत, म्हणून ती हप्त्यांच्या करारावर घरे घेत. एक हप्ता चुकला की घरही जाई आणि भरलेला पैसाही. १९६८ मध्ये ती एकत्र आली आणि त्यांतील पुष्कळांनी आपले करार बदलून घेतले.

ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे, त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहून विकणारा खरा मालक आहे का, बोजा आहे का, ते तपासावे. दुय्यम निबंधक कार्यालयातील जुन्या नोंदी वकिलाकडून पाहून घ्याव्यात. साठेखत नोंदवावे आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. चौथी गोष्ट शेतकऱ्याने विशेष लक्षात ठेवावी. नोकरदाराला दरमहा पगार असतो, आपल्याला पट्टी हंगामात मिळते. म्हणून हप्ते महिन्याचे न ठेवता ऊसबिलाच्या, कांद्याच्या किंवा ज्वारीच्या सुगीनंतरचे ठेवावेत आणि पीक बुडाल्यास सहा महिन्यांची सवलत करारातच लिहून घ्यावी.

बियाण्याची पिशवी आपण लेबल वाचून घेतो. घराचा कागदही तसाच वाचावा, आणि वाचताना घरातल्या बाईमाणसालाही शेजारी बसवावे.