‘डोक्यात जाणाऱ्या’ गाण्यांची कैफियत

गणेशोत्सवाचे दिवस सरले, की सुशिक्षितांच्या बैठकीत एक फिर्याद दरसाल नेमाने दाखल होते: ‘कोंबडी पळाली’, ‘शांताबाई’, ‘झिंगाट’ ही गाणी आता डोक्यात जातात, त्यांना ना अर्थ, ना अभिरुची, एकच ओळ घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते, सबब सरकारने नाही तरी निदान समाजाने त्यांना हद्दपार करावे. फिर्यादी मंडळींचा त्रागा खरा आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्यांनी आरोपीच भलता पकडला आहे, असे माझे नम्र पण निश्चित मत आहे.

अर्थशून्यता हाच गुन्हा मानायचा, तर तोम, तनन, दिर दिर एवढ्याच अक्षरांवर उभ्या असलेल्या तराण्याची वाट काय? पुनरुक्ती हा दोष म्हणावा, तर ख्यालगायक एकाच मुखड्यावर शतवार परततो, दिंडी एकाच धृपदावर कोस कोस चालते, आणि बालगंधर्वांच्या पदांना पडणारे ‘वन्समोअर’ म्हणजे तरी प्रेक्षकांनी हट्टाने मागून घेतलेली पुनरुक्तीच नव्हे काय? राहिला अभिरुचीचा मुद्दा. ज्या लावणीला सोवळ्यातल्या घरांनी उंबरठ्याबाहेर ठेवले, तिच्याच राम जोशी आणि होनाजी बाळा या शाहिरांवर ‘राजकमल’ने १९४७ व १९५१ साली चित्रपट काढले, तेव्हा ते पाहावयास सोवळी घरेही सहकुटुंब गेली. काही गाण्यांत स्त्रीला बाजारातील जिन्नस लेखले जाते, हा आक्षेप मात्र मला शिरसावंद्य आहे. पण तो शब्दांवरचा आक्षेप असून अत्यंत गोड चालीच्या गाण्यांनाही तितकाच लागू पडतो, म्हणून त्याला ‘कटकटी’च्या बुरख्याआडून पुढे करू नये.

हद्दपारीचा प्रयोग या देशात एकदा रीतसर होऊन गेला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे व्यासंगी गृहस्थ १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांच्या वेळेला कात्री लावली. चित्रपटाचे नाव उच्चारण्यासही मनाई झाली, तेव्हा निर्मात्यांनी आपले परवाने काढून घेतले आणि ही गाणी सरकारी केंद्रांवरून जवळजवळ अदृश्य झाली. मग श्रोता ध्रुपद ऐकू लागला म्हणावे, तर तसेही नाही. त्याने रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला, जेथे त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, खुद्द केसकरांच्याच कारकिर्दीत, विविध भारतीची स्थापना करून तीच गाणी सन्मानाने परत बोलवावी लागली. मंत्र्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे, फर्मानाविषयी नाही.

आता गाण्याच्या बाजूने दोन शब्द. २००६ सालच्या ‘जत्रा’ चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’ची चाल अजय-अतुल यांनीच २०१२ साली ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ म्हणून हिंदीत नेली, आणि ज्यांना कोंबडी म्हणजे काय हे सांगावे लागेल तेही तिच्यावर नाचले. गळा नसलेल्यालाही पेलेल इतक्या मोजक्या स्वरांत मुखडा बांधणे, आणि ज्याने जन्मात नाच केला नाही त्याचाही पाय नेमका ठेक्यावर पडेल अशी जागा लयीत राखून ठेवणे, ही कारागिरी आहे. ज्यांना ती क्षुद्र वाटते, त्यांनी तसा एक मुखडा रचून वरातीतल्या बँडवाल्याच्या हवाली करून पाहावा.

मग चीड कशाने येते? ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत आळीच्या तोंडाशी येऊन उभी राहते, तेव्हा प्रथम गाणे ऐकू येतच नाही. फळीवरच्या औषधाच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणू लागतात, खिडकीची तावदाने थरथरतात, छातीत काहीतरी ठोकल्यासारखे होते, आणि या सर्वानंतर कधीतरी शब्द उमटतात. याच भिंतीतून, याच आवाजात, भीमसेन जोशींचा अभंग लावला तरी अंथरुणावरचा रुग्ण त्यालाही शापच देईल. सकाळच्या घंटागाडीचे गाणे तर स्वच्छतेचा उपदेश करणारे, सोज्ज्वळ; तरी ते कोणाला गोड वाटते? त्रास आहे तो सक्तीचा: ऐकणाऱ्याला बंद करण्याची मुभा नसण्याचा.

आणि सक्तीवर इलाज कायद्याच्या दफ्तरात केव्हाचा नमूद आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा मुक्रर केली, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक मना केला, आणि वर्षातले फार तर पंधरा दिवस सणासुदीसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारला ठेवली. यांत गाण्याच्या अर्थाविषयी, अभिरुचीविषयी वा पुनरुक्तीविषयी एक अक्षर नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा आमच्या फिर्यादी मित्रांनी पोलीस ठाण्यात अर्ज अवश्य द्यावा, ठिकाण लिहावे, वेळ लिहावी, ट्रकचा क्रमांक लिहावा. शांताबाईचे नाव मात्र त्यातून वगळावे.