भूमिपूजनाआधी नकाशा बघून या

तुमच्या गावात नगरपरिषदेची नवी इमारत होणार असेल, तर भूमिपूजनाचा नारळ फुटण्याआधी तिचा नकाशा बघून या. एकट्याने जाऊ नका. गुडघे धरलेली एखादी आजी, व्हीलचेअरवर फिरणारं कुणी, कडेवर मूल असलेली आई, यांना सोबत न्या. आपल्याला न दिसणाऱ्या अडचणी त्यांना आधी दिसतात.

पहिल्यांदा तळमजला पाहा. बहुतेक ठिकाणी दर्शनी पायऱ्या, आत बंद दारांची दालनं आणि लोकांसाठी जिन्याखाली दोन बाकं, एवढंच असतं. घरपट्टी भरायला आलेला माणूस ताटकळतो आणि काम झालं की निघून जातो. माझा आग्रह आहे की तळमजला पूर्णपणे लोकांना द्यावा. दाखल्यांच्या खिडक्या तिथे हव्यातच. शिवाय वाचनकक्ष, बचत गटांना बसायला जागा, पाणी, स्वच्छतागृह आणि काही काम नसतानाही कुणी निवांत बसावं असा ओटा. फिनलंडमधल्या सायनात्सालो या छोट्या गावाचं नगरभवन १९५२ साली पूर्ण झालं. वास्तुकार आल्वार आल्टो यांनी त्यात सभागृहाबरोबर ग्रंथालय, दुकानं आणि राहती घरंही एका अंगणाभोवती बसवली. ही कल्पना जरूर घ्या, पण त्या उंचावरच्या अंगणाच्या पायऱ्या नकोत.

कारण सगळी गोम जोत्यात असते. रॅम्पचा नियम साधा आहे: एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. जोतं तीन फूट ठेवलं, तर रॅम्प छत्तीस फुटांचा होतो, मधले सपाट टप्पे वेगळेच. एवढी जागा नकाशात आधी धरली नसेल, तर पुढे कोपऱ्यात एक घसरगुंडी बांधली जाते आणि तिच्यावरून कुणालाच चढता येत नाही. म्हणून जोतं कमी ठेवायला सांगा, आणि सगळ्यांचा प्रवेश एकाच दारातून होऊ द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्याला परवानगी देता येत नाही. तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात.

दुसरी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. संध्याकाळी कचेरी बंद झाल्यावर काय? तळमजल्याला वेगळं फाटक आणि वरच्या जिन्याला कुलूप लावायची सोय असेल, तरच रात्री स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसू शकतील आणि रविवारी ज्येष्ठांची बैठक भरू शकेल. स्वच्छतागृहाची वाट उजेडाची आणि पहारेकऱ्याच्या नजरेतली हवी, नाहीतर मुली सातनंतर फिरकणार नाहीत. आणि दिवसा खिडकीवर नंबर पुकारताना तो फळ्यावर दिसला पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे.

नकाशा दाखवायला टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. बदल सुचवायचे ते मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी द्या, प्रत तुमच्या नगरसेवकाला द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.