म्हातारचळ

काही शब्द असे असतात, की ते उच्चारले की विचार करण्याचे कामच संपते. ‘म्हातारचळ’ हा त्यांतलाच एक.

2016 च्या वैशाखात मी नांदेडहून एस.टी.ने लातूरला मामांकडे गेलो. मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी येत होते, ते दिवस. मामांचे वय 72. तरुणपणापासून त्यांना बायपोलर विकार. कधी उत्साहाला उधाण, रात्र रात्र झोप नाही. तर कधी अंथरुणातून उठवत नसे. लिथियमच्या गोळीने त्यांचा संसार तीस वर्षे सावरला होता.

त्या दिवशी मात्र मामांच्या हातातली कपबशी थरथरत होती. चालताना झोक जात होता. मला त्यांनी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली!

“म्हातारचळ लागलाय रे,” मामी म्हणाली.

चौकशी केली. घरात पाणी मोजून वापरायचे, म्हणून मामा घोटभरच पीत. शिवाय गुडघेदुखीवर दुकानातून आणलेली गोळी चालू होती. डॉक्टरांनी रक्त तपासले, तर लिथियम भलतेच वाढलेले!

लिथियम हा एक क्षार. उन्मादावरचा त्याचा गुण ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी 1949 साली जगापुढे मांडला. तो शरीराबाहेर टाकतात मूत्रपिंडे, नि वयाबरोबर त्यांचे काम मंदावते. त्यात पाणी कमी पडले किंवा काही वेदनाशामक गोळ्यांची भर पडली, की वर्षानुवर्षे मानवलेली मात्राच विषासारखी बाधते.

मामांना सलाईन लावले, पुढे मात्रा कमी केली, थरथर गेली. स्मरणशक्ती मात्र पूर्वीसारखी झाली नाही. डॉक्टर म्हणाले, “या विकारात उतारवयात स्मृती मंदावण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. म्हणून भिऊन गोळी बंद करू नका. रक्तातले लिथियम, मूत्रपिंडे, थायरॉइड तपासत राहा.” साठीनंतर असा उन्माद प्रथमच दिसला, तर त्यामागे पक्षाघात किंवा एखादे औषधही असू शकते, हेही त्यांनीच सांगितले.

मामी तेव्हापासून तपासणीची तारीख कॅलेंडरवर, एकादशीच्या शेजारी लिहू लागली.

वाचकहो, या दिवाळीत वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल, तेव्हा त्यांच्या हातांकडेही पाहा. थरथरताना दिसले, तर वयाला बोल लावण्यापूर्वी एवढेच विचारा: पाणी किती पिता, नि गोळ्या कोणकोणत्या घेता?