वय, आळस आणि आजार

आमच्यासारख्या घरगुती डॉक्टरांकडे मनाचा आजार स्वतःच्या नावाने क्वचितच येतो. सत्तरीच्या आजी 'अंगात त्राण नाही, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते' असे सांगत येतात. तिशीतल्या मुलाला घेऊन आलेले वडील म्हणतात, 'याचे रक्त तपासा, दिवसभर पडून असतो, आंघोळीलाही उठत नाही.' घरात पहिल्या तक्रारीला 'वय' हे नाव मिळालेले असते आणि दुसरीला 'आळस'. एकदा असे नाव पडले की उपचाराचा विचारच मागे पडतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले, त्याचे एक कारण मला या नावांतच दिसते.

प्रथम आजींविषयी. भावस्थितीच्या विकारांत बिघाड होतो तो मनाच्या मूळ रंगात. जवळजवळ दिवसभर, किमान दोन आठवडे मन खिन्न राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, उत्साह व एकाग्रता ढासळणे, म्हणजे नैराश्याचा आजार. मात्र वृद्ध माणूस 'मला उदास वाटते' असे सहसा म्हणत नाही. तो पोटाविषयी, गुडघ्यांविषयी, छातीतल्या धडधडीविषयी बोलतो, नाहीतर चिडचिड करतो. जोडीदार गेल्यानंतरचे दुःख हा आजार नव्हे. ते लाटांसारखे येते, आणि मधल्या वेळात नातवाच्या बोबड्या बोलांनी हसूही येते. नैराश्यात ते हसू येईनासे होते आणि 'आता माझा काय उपयोग' हे वाक्य वारंवार कानी पडू लागते.

कधी कधी विसरभोळेपणाच पुढे येतो आणि घरचे स्मृतिभ्रंशाच्या धास्तीने येतात. एक ढोबळ खूण सांगतो. नैराश्यग्रस्त व्यक्ती 'मला काहीच आठवत नाही' अशी स्वतःच तक्रार करते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा ते लपवतो किंवा त्याला त्याची जाणीवच नसते. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान तज्ज्ञांवर सोपवावे. थायरॉइडची मंदता आणि ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही नैराश्याचे सोंग घेऊन येते; ती तपासणी आधी करून घ्यावी. औषध सुरू झाल्यावर गुण यायला दोन ते सहा आठवडे, वृद्धांत कधी त्याहूनही अधिक लागतात. आठवड्याभरात गोळ्या बंद करणारे पुष्कळ भेटतात.

मरणाच्या गोष्टी निघू लागल्या तर विषय बदलू नका. 'जीव नकोसा होतो का?' असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मोकळे होण्यास वाट मिळते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि घरातील औषधांचा साठा व कीटकनाशके कुलपात ठेवा.

ज्यांना नैराश्यासोबत उन्मादाचेही झटके येतात, म्हणजे झोप न घेताही तरतरी, अखंड बडबड, उधळपट्टी, अवास्तव बेत, त्यांचा आजार द्विध्रुवीय. त्यावर लिथियम हे जुने आणि मोलाचे औषध आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी त्याचा उपयोग दाखवून दिला. वयस्कर रुग्णांच्या नातेवाइकांनी एक ध्यानात ठेवावे: लिथियम चालू असताना गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने देऊ नये. जुलाब, उन्हाळा आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या यांनीही रक्तातील लिथियम वाढते. हात अधिक थरथरणे, उलट्या, झोकांड्या, जड जीभ असे दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासावे.

आता त्या मुलाविषयी. छिन्नमनस्कता किंवा स्किझोफ्रेनिया हा शब्द ऐकताच लोकांना एका देहात दोन माणसे आठवतात. हा गैरसमज आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव वापरले ते विचार, भावना आणि वर्तन यांचा परस्परांशी जोड तुटतो या अर्थाने. नसलेले आवाज ऐकू येणे आणि 'शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात' असा पुराव्यालाही न बधणारा संशय, ही ठळक लक्षणे. ती दिसली की निदान लवकर होते. फसवणूक होते ती दुसऱ्या लक्षणांपायी: बोलणे आटणे, चेहरा कोरा होणे, मित्र तुटणे, स्वच्छतेचीही इच्छा न उरणे. हाच तो 'आळस'. गोळ्यांनी आवाज व संशय बऱ्याच अंशी ओसरतात. ही उदासीनता मात्र रेंगाळते, आणि नेमके तेव्हाच घरचे म्हणतात, 'आता बरा आहेस ना, मग काम कर.' याला धाकाचा उपयोग होत नाही. सकाळी ठरल्या वेळी उठणे, झाडांना पाणी घालणे, दुकानातून एक वस्तू आणणे, अशा छोट्या नेमांनी पुढे सरकता येते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' पाहिला नसेल तर घरच्यांनी मिळून अवश्य पाहावा.

कारण विचाराल तर एकच एक नाही. मेंदूतील डोपामिनसारख्या रसायनांचे असंतुलन, आनुवंशिकता, गर्भावस्थेतील अडचणी, तरुण वयातील गांजाचे सेवन यांचा वाटा असतो. सर्वसाधारणपणे शंभरात सुमारे एकाला हा आजार होतो. आई किंवा वडिलांना असेल तर दहापैकी एकाला. म्हणजे उरलेल्या नऊ जणांना होत नाही. संगोपन हे कारण नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील काही तज्ज्ञांनी सारा दोष आईवर टाकला होता. ते मत टिकले नाही, पण आयांच्या मनातली बोच अजून गेलेली नाही. आणि 'लग्न करून द्या, सुधारेल' या सल्ल्याविषयी इतकेच म्हणतो की त्याने दोन घरे अडचणीत येतात.

घरातील वातावरणाने आजार होत नाही, पण उलटू शकतो. सततची टीका आणि अतिकाळजी असलेल्या घरांत तो अधिक वेळा उलटतो, असे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांनी दाखवले. संशयाशी वाद घालू नका, त्याला दुजोराही देऊ नका. 'तुला ऐकू येते यावर माझा विश्वास आहे. मला मात्र ऐकू येत नाही,' एवढे शांतपणे म्हणावे.

साठीनंतर प्रथमच भास होऊ लागले तर लगेच छिन्नमनस्कता समजू नये. लघवीतील जंतुसंसर्ग, सोडियमची घट, नवे औषध किंवा स्मृतिभ्रंश यांमुळेही ते होतात. दोन दिवसांत अचानक सुरू झाले असतील तर रुग्णालयच गाठावे.

ज्यांचा मुलगा वा मुलगी अशी आजारी आहे आणि स्वतःचे वय पंचाहत्तरीला टेकले आहे, त्यांचा प्रश्न रात्री झोपू देत नाही: आमच्यामागे काय? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून ठेवावे. केंद्र शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेल्यांच्या, आजारपणामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्यास ठरलेल्या अटींवर आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याची नोंद आपल्या हयातीतच करावी. राज्य सेवेतील मंडळींनी आपल्या कार्यालयात नियम विचारावा. तातडीच्या सल्ल्यासाठी शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. आणि एक वही करावी: गोळ्यांची नावे व मात्रा, पूर्वी कोणत्या औषधाचा त्रास झाला, आजार उलटण्याआधी काय दिसते, डॉक्टरांचा क्रमांक. ती वही कुठे ठेवली आहे, हे धाकट्या भावंडाला आजच सांगून ठेवावे.