मुदतीत लिहून द्या, पोच घ्या

घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस घरी येते तेव्हा बहुतेक घरांत ती टीव्हीच्या मागे नाहीतर देवघराच्या फळीवर जाऊन बसते. रकमेवर नजर जाते, 'बाप रे' म्हटलं जातं, आणि बिल येईल तेव्हा बघू असं ठरतं. बिल येतं तेव्हा बघण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, कारण हरकतीची मुदत तोवर संपलेली असते. मी जे सांगणार आहे ते या मधल्या दिवसांबद्दल. नगरपालिकेच्या कामात नागरिकाला बोलायला जागोजागी काही दिवस ठेवलेले असतात. ते दिवस वाया घालवू नका. म्हणणं लेखी द्या, मुदतीत द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सुरुवात घरपट्टीपासूनच करू, कारण नगरपालिकेशी आपला सगळ्यात जुना आणि नित्याचा संबंध तोच. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांचा कारभार 1965 च्या अधिनियमाने चालतो, आणि त्यानुसार दर चार वर्षांनी मालमत्तांची नव्याने आकारणी होते. कर्मचारी नाहीतर नेमलेल्या एजन्सीची मुलं घरोघरी फिरून मोजमापं घेतात, त्यावरून यादी तयार होते आणि तुम्हाला नोटीस येते. ही नोटीस म्हणजे अंतिम बिल नव्हे. तुमच्या घराबद्दल नगरपालिकेने काय लिहून ठेवलं आहे ते तुम्हाला दाखवलेलं असतं, आणि चूक असेल तर सांगा असं विचारलेलं असतं. म्हणून रकमेच्या आधी बाकीचे रकाने वाचा.

मालकाचं नाव बरोबर आहे का? भोगवटादार म्हणून दहा वर्षांपूर्वी खोली सोडून गेलेल्या भाडेकरूचं नाव तर राहिलं नाही? बांधकामाचा प्रकार काय लिहिला आहे, आरसीसी, लोडबेअरिंग की पत्र्याचं? वापर निवासी की अनिवासी? पुढच्या खोलीला शटर आहे म्हणून दुकान धरलं गेलं आणि आत मात्र घरातली धान्याची पोती आणि सायकली आहेत, असं पुष्कळदा सापडतं. क्षेत्रफळ तर स्वतः टेप लावून मोजाच. नोटिशीत ते चौरस मीटरमध्ये असतं, आपण मनात चौरस फूट धरतो, म्हणून आकडा लहान दिसतो आणि शंका येत नाही. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे 10.76 चौरस फूट. 400 चौरस फुटांचं घर नोटिशीत 37 चौरस मीटरच्या आसपास दिसायला हवं. तिथे 60 लिहिलं असेल तर कुठेतरी अंगण किंवा परसू घरात मोजलं गेलं आहे. जिथे भाडेमूल्यावर आकारणी होते तिथे अंदाजे वार्षिक भाड्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. ती वजावट दिसते का तेही पाहा.

हरकतींच्या सुनावणीला मी लोकांसोबत जातो. एकदा एका आजींची पाळी होती. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी, एवढं त्यांचं घर. नोटिशीत मात्र सगळंच आरसीसी आणि पडवीसकट. त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझं घर एवढं मोठं नाही हो. मी एकटी बाई, पेन्शनवर जगते." साहेब वाईट नव्हते, पण पेन्शनचा रकाना त्यांच्या यादीत नव्हता. ते पुढचं नाव पुकारायच्या बेतात होते. तेवढ्यात शेजारचा मुलगा पुढे आला: "आजी, तो कागद द्या ना त्यांना." आजींनी पिशवीतून वहीचं पान काढलं. त्यावर घराचा साधा नकाशा होता, प्रत्येक भिंतीची लांबी मीटरमध्ये, पडवीवर 'पत्रा' असं लिहिलेलं, सोबत दोन फोटो आणि जुन्या आकारणीच्या उताऱ्याची झेरॉक्स. साहेबांनी चष्मा लावला, पान उलटसुलट पाहिलं, आणि हरकतीच्या अर्जावर शेरा मारला: समक्ष पाहणी करून अहवाल सादर करावा. पुढच्या आठवड्यात कर्मचारी टेप घेऊन आला आणि नोंद दुरुस्त झाली. आजींची अडचण खरीच होती, पण सुनावणीत उपयोगी पडलं ते वहीचं पान.

तुमची हरकत अशीच असू द्या. घर महाग झालं, जगणं कठीण झालं, गावात रस्ते धड नाहीत, हे सगळं खरं असेल, पण मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काही करता येत नाही. कुठला रकाना चुकला, तिथे काय हवं आणि त्याला आधार काय, एवढंच लिहा. निर्णय पटला नाही तर पुढे अपील करता येतं, आणि त्याचीही मुदत असते. आणखी एक गोष्ट तुमच्या हिताची म्हणून सांगतो. हरकत दिली म्हणजे कर थांबला असं होत नाही. थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. रागावून बिल न भरणाऱ्यांची मूळ थकबाकी लहान आणि शास्ती मोठी झालेली मी पाहिली आहे. वाद नसलेली रक्कम वेळेत भरा आणि वादाच्या रकमेसाठी भांडा.

आता पोच. अर्जाच्या दोन प्रती करा. आवक-जावक विभागात एक द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. "साहेब आले की देतो शिक्का", "ठेवून जा, बघतो", असं ऐकायला येईल. आवाज न चढवता तिथेच उभे राहा. "दादा, मला घाई नाही, शिक्का मारून द्या," एवढं म्हटलं की बहुतेक वेळा काम होतं. घेतच नाहीत असं झालं तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. नगरसेवकाला फोन करायला माझी ना नाही. तो आपला माणूस आहे, करावाच. पण फोनला आवक क्रमांक नसतो. सहा महिन्यांनी तुम्ही काय म्हणाला होता हे विचारायची वेळ आली तर तो शिक्काच तुमच्या बाजूने बोलतो.

क्रमांक हाती असला की पुढचा कायदाही वापरता येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेसाठी किती दिवस लागतील, कोण अधिकारी जबाबदार आणि अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात दिसेल असा लावणं बंधनकारक आहे. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी अशी रोजची कामं त्यात येतात. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. दंड व्हावा म्हणून कुणी अर्ज करत नाही, आपल्याला दाखला हवा असतो. पण मुदतीचा आकडा अर्जातच लिहिला की टेबलावरचा कागद हलतो, हा माझा अनुभव.

जन्माच्या नोंदीकडे तर विशेष लक्ष द्या. बाळ दवाखान्यात झालं तर दवाखाना कळवतो, घरी झालं तर घरच्यांनी 21 दिवसांत कळवायचं. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि तालुक्याला चकरा सुरू होतात. नोंद होताना बाळाचं नाव ठरलेलं नसतं, रकाना कोरा राहतो आणि बारशानंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार आहे. म्हणून दाखला हातात आला की तिथेच उभं राहून आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनावाची वेलांटी, सगळं इंग्रजी आणि मराठीत वाचून घ्या.

घर विकत घेणाऱ्यांनी आणि वारसांनी एवढं ध्यानात ठेवावं, की खरेदीखत नोंदवलं म्हणजे नगरपालिकेतलं नाव आपोआप बदलत नाही. हस्तांतरणाचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येतंय आणि भावाभावांत वाद उभा राहतोय, अशी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. त्याच वेळी हेही खरं, की घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. मालकीसाठी खरेदीखत, वारसाची कागदपत्रं आणि नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक पाहावं लागतं.

गल्लीतल्या कामांबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि सगळ्यात कमी लिहितात. गटार बांधलं, पहिल्या पावसात खचलं, चहाच्या टपरीवर चार दिवस चर्चा झाली, संपलं. काम चालू असतानाच जागेवरचा फलक वाचा: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. फलक नसेल तर तो लावण्यासाठीच पहिला अर्ज द्या. कामाच्या अंदाजपत्रकात खोदाई किती, खाली काँक्रीटचा थर किती जाडीचा, भिंती किती उंच, असं बाबवार लिहिलेलं असतं. झालेलं काम अभियंत्याने मोजून मोजमाप पुस्तकात भरलेलं असतं, ज्याला कार्यालयात सगळे 'एमबी' म्हणतात. बिल निघतं ते याच नोंदीवर. पुस्तकात 60 मीटर लांबी आहे आणि गल्लीत टेप लावल्यावर 48 भरतात, एवढं एका रविवारी सकाळी दोन माणसांना तपासता येतं. उघडं गटार असेल तर भिंतीची जाडीसुद्धा मोजता येते.

हे कागद मिळवायला माहितीचा अधिकार आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांपर्यंतच मजकूर चालतो, म्हणून 'गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची संपूर्ण माहिती' असं मागू नका. तो अर्ज अडकतो आणि अडकायला कारणही तुम्हीच दिलेलं असतं. अमुक गल्लीतल्या अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातली संबंधित पानं आणि दोषदायित्व कालावधी, एवढं मागा. प्रती नको असतील तर समक्ष पाहणी मागा. पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. दोषदायित्व कालावधी मुद्दाम विचारा, कारण त्या काळात काम खचलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. तो काळ संपायच्या आत तुमची तक्रार आवकेला पडली पाहिजे, नाहीतर तीच दुरुस्ती पुन्हा आपल्या घरपट्टीतून होते.

सभांविषयी थोडं. राज्यातल्या अनेक नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या आणि लोकांनी निवडलेली माणसं पुन्हा सभागृहात बसली. मत दिलं म्हणून आपलं काम संपलं असं समजू नका. सभेची विषयपत्रिका आधी निघते. ती मागून वाचा. तिच्या शेवटी अनेकदा 'ऐनवेळचे विषय' अशी एक ओळ असते. त्या ओळीखाली काय मंजूर झालं ते सभेनंतर इतिवृत्तातून जरूर पाहा. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक वाटला तर 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, त्यांच्याकडे लेखी मागणी करता येते.

एकट्याने बोलून काय होणार, असं मला नेहमी विचारलं जातं. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपयांच्या खर्चाचा विषय आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांनी सांगितलं आणि विरोधात मत दिलं. विरोध करणारे ते एकटेच होते, ठराव मंजूर झाला. तरी ते एक मत आज इतक्या वर्षांनी आपल्याला माहीत आहे आणि बाजूने मत देणाऱ्यांची नावं आपण विसरलो आहोत. पालिकेच्या खर्चाची एक बाब त्यांनी नीट वाचली होती आणि तोच पैसा कुठे जायला हवा हे नेमकं सांगितलं होतं. तुमच्या गावाचं अंदाजपत्रकही आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आधी सभेपुढे येतं. मोहल्ल्यातल्या चार माणसांनी बसून ते वाचा. दिव्यांगांसाठी स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के राखायचे असतात. गेल्या वर्षी ते ठेवले किती आणि खर्च झाले किती, एवढा एक प्रश्न लेखी विचारला तरी पुष्कळ बाहेर येतं.

विकास आराखड्याबाबत मात्र गाफील राहू नका. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात, आणि ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. तुमच्या घरावरून 12 मीटरचा रस्ता आखला आहे किंवा खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदललं आहे, हे नकाशाजवळ जाऊन, आपला सर्व्हे नंबर शोधूनच कळतं. आराखडा लागला असं कानावर आलं की त्याच आठवड्यात जा, शेजाऱ्यांना सोबत न्या, मोबाइलवर नकाशाचा फोटो घ्या. एकाच अर्जावर पन्नास सह्या घेण्याऐवजी ज्याच्या जागेला धक्का लागतो त्या प्रत्येकाने आपापल्या सर्व्हे नंबरसह स्वतंत्र हरकत द्यावी, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं म्हणणं मांडायला बोलावणं येतं.

आणि अर्जाच्या खाली पूर्ण पत्ता व चालू असलेला मोबाइल नंबर लिहा. सुनावणीचं पत्र त्याच पत्त्यावर येतं; घर बंद असेल तर शेजारी सांगून ठेवा, आणि स्वतः जाता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊन पाठवा.